सातव्या सांध्याची रेघ

सारमिदीच्या पाठीवर आणि रेल्वेच्या सांध्यांवर एकच नाणं चालायचं. शंभर रुपियाचं, जुनं, जाड, पन्नास वर्षांपूर्वी पाडलेलं. बाजारात आता त्याला कोणी हातही लावत नाही. अंगात वारा भरून सर्दी-कसकस झाली की बायको सुमी त्याच नाण्याला तेल लावून त्याची पाठ लाल पट्टे उठेपर्यंत घासायची, आणि दुसऱ्या दिवशी तेच नाणं तो रुळांच्या फटीत घालून बघायचा. नाणं आत गेलं तर सांधा नीट बसलेला नाही. नाही गेलं तर गाडी खुशाल जाऊ दे.

वातुजंबे स्टेशनात असे नऊ सांधे आहेत. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळते ती जागा म्हणजे सांधा. तिथे टोकाकडे निमुळता होत गेलेला एक रूळ असतो, त्याला आमच्याकडे सगळे जीभच म्हणतात. ही जीभ मोठ्या रुळाला चिकटून बसली पाहिजे. दोन-तीन नाण्यांएवढी फट राहिली तरी एखाद्या दिवशी चाकाची कड तिच्यात शिरते, आणि मग गाडीने कुठे जायचं ते गाडीच ठरवते. सारमिदी एकतीस वर्षं रोज सकाळी हे नऊ सांधे आणि पुढचे सहा किलोमीटर रूळ पायी तपासत आला. पावसात, रमजानच्या उपासात, धाकटा भाऊ गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा. या एकतीस वर्षांत त्याच्या हद्दीत एकही चाक रुळावरून उतरलं नव्हतं, आणि ही गोष्ट तो कुणाला सांगत नसे, कारण सांगितली की दृष्ट लागते असं त्याचं मत.

पन्नाशीनंतर त्याचे गुडघे बोलायला लागले. नऊ वेळा खाली बसून नाणं घालायचं आणि नऊ वेळा उठायचं म्हणजे शिक्षाच. गुडघे दुखले म्हणून अक्कल सुचली, असं तो स्वतःच हसून सांगायचा. जीभ ज्या लोखंडी तळपट्टीवर सरकते, तिच्यावर त्याने एक युक्ती केली. सांधा अगदी घट्ट बसलेला असताना जिभेची आतली कड जिथे येते, तिच्या लगत त्याने छिन्नीने एक खाच पाडली आणि खाचेत पांढरा रंग भरला. झालं. सांधा बसलेला असला की उभ्यानेच पांढरी रेघ दिसते. जीभ जरा सुटली की ती आतल्या अंगाला सरकते आणि रेघेवर चढून तिला झाकते. "जिभेने रेघ खाल्ली" असं तो म्हणायचा. जाता-येता कोणालाही कळावं इतकं सोपं. गाडीचा चालक, झाडूवाला, फलाटावर केळीच्या पानात पेचेलची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी विकणारी म्बोक, म्हणजे मावशी, कास्मी, सगळ्यांना ती रेघ वाचता यायची. एकदा तर कास्मीनेच हाक मारून सांगितलं होतं, "अरे ए सारमिदी, तिसऱ्या नंबरची जीभ सकाळपासून काहीतरी खातेय बघ!" आणि खरंच बोल्ट ढिला निघाला होता.

ही रेघ वर नेली हार्तोयोने. हार्तोयो म्हणजे त्या भागातल्या सगळ्या रुळांचा मुख्य माणूस, सारमिदीचा साहेब, आणि त्याचा व्याहीसुद्धा. दोघं एकाच वर्षी नोकरीला लागले, एकाच खोलीत राहिले, एकाच ताटात जेवले. हार्तोयोला बोलता यायचं म्हणून तो वर चढला. सारमिदीला चालता यायचं म्हणून तो चालत राहिला. पुढे हार्तोयोच्या सेनोला सारमिदीची वेनिंग दिली आणि मैत्रीचं नातं झालं. सेनोलाही रुळांच्या टोळीत घेतलं. छिन्नी कशी धरायची, खाच किती खोल पाडायची, रंग कधी भरायचा, हे त्याला सासऱ्यानेच शिकवलं.

मुख्य कचेरीत सुधारणांची स्पर्धा होती. हार्तोयोने रेघेचे फोटो काढले, तक्ते केले, भाषण पाठ केलं. पहिला नंबर आला. काचेची ढाल मिळाली, तिच्यावर एकच नाव, हार्तोयोचं.

"दोन नावं टाकायला जागाच नव्हती हो, व्याही," तो परत आल्यावर म्हणाला. "आणि माझं नाव काय, तुमचं नाव काय! एकाच नातवाच्या अंगात दोघांचं रक्त यायचंय."

"ढाल पुसायचं काम वाचलं माझं," सारमिदी म्हणाला. त्याला लागलं होतं. पण आमच्याकडे व्याह्याला तोंडावर काही बोलत नाहीत. समोरच्याला अवघडल्यासारखं होईल अशी गोष्ट गिळायची, वर पाणी प्यायचं. शिवाय रेघ आता भागातल्या पाचही स्टेशनांवर, चाळीसच्या चाळीस सांध्यांवर पडणार होती. खाचा पाडायला सारमिदी आणि सेनोच फिरले. तेवढ्यावर तो समाधानी राहिला.

मग सातवा सांधा बिघडला. दोन्ही जिभांना जोडणारा दांडा असतो, त्याची भोकं झिजून लांबट झाली होती. सिमेंटची मालगाडी गेली की जीभ हलायची. सारमिदीने बोल्ट आवळले, चार दिवस टिकले, पुन्हा जिभेने रेघ खाल्ली. त्याने नोंदवहीत लिहिलं: सातवा, दांडा बदला. आठ दिवसांनी पुन्हा लिहिलं. तिसऱ्यांदा लिहिलं आणि वही घेऊन स्वतः हार्तोयोसमोर उभा राहिला.

"दांडा मागवलाय," हार्तोयो म्हणाला.

"मागवलाय ते ठीक. तोवर सातवरून गाड्या नेऊ नका."

"अहो व्याही, गुरुवारी मुख्य कचेरीचे सहा पाहुणे येताहेत, तुमच्याच रेघा बघायला! त्यांना काय दाखवू, बंद सांधा?" मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "तुम्ही काळजी सोडा. बुधवारी दामारचा जमिनीला पाय लावायचा विधी आहे ना? तुम्ही आजोबा. मंगळवार-बुधवार रजा घ्या, मी सही करतो. परत याल तेव्हा सात नवाकोरा असेल."

एकतीस वर्षांत साहेबाने आपणहून रजा दिल्याची ही पहिली वेळ. सारमिदीला गहिवरून आलं. गाढवच म्हणायचं, पण प्रेमाने आंधळं झालेलं गाढव.

बुधवारी वेनिंगच्या अंगणात नातवाचा विधी थाटात झाला. सात महिन्यांच्या दामारला सात रंगांच्या चिकट भातावरून चालवलं, उसाच्या शिडीवर चढवलं, मग कोंबड्यांच्या मोठ्या टोपलीखाली बसवलं आणि समोर वस्तू मांडल्या. आरसा, पेन, कंगवा, आजीची अंगठी, मोबाइल. पोर ज्या वस्तूला हात घालेल, तसं त्याचं पुढे होतं, आणि ती वस्तू त्याचीच राहते. कुणीतरी म्हणालं, आजोबा, तुमचंही काही ठेवा. सारमिदीच्या खिशात दुसरं काय असणार? त्याने नाणं ठेवलं. दामारने पेनकडे पाहिलं, अंगठी बाजूला लोटली आणि नाणं उचलून थेट तोंडात घातलं.

"श्रीमंत होणार!" सगळे ओरडले.

"कसला श्रीमंत, रूळ तपासणार तो!" सारमिदी म्हणाला आणि डोळे पुसत हसला. सुमीने लगेच ते नाणं लाल कापडात शिवून पोराच्या पाळण्याला बांधलं.

सेनो उशिरा आला. घाईघाईने न्हाऊन, केस ओले. वेनिंगने त्याचा हात धरला. "नखांत हे पांढरं काय? पीठ मळत होतास की काय?"

"पाहुणे येणार म्हणून फलाटाच्या कडा रंगवल्या," तो म्हणाला आणि पोराला उचलून घेतलं.

पानं वाढली गेली. हार्तोयोने कोंबडीचा मोठा तुकडा स्वतःच्या हाताने सारमिदीच्या पानात टाकला, नातवाला मांडीवर घेतलं आणि त्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "व्याही, आता पोटभर जेवा. सातचं काम उरकलं."

"दांडा आला?"

"आला, बसवला. उरकलं म्हटलं ना."

सेनो समोरच बसला होता. तो भात कालवत राहिला, खूप वेळ कालवत राहिला. सारमिदीला वाटलं, पोरगं दमलंय.

गुरुवारी सकाळी तो सातव्या सांध्यापाशी आला. जिभेशेजारी पांढरीशुभ्र रेघ, अगदी लख्ख. त्याचा हात सवयीने खिशात गेला. नाणं नव्हतं. फलाटावर कास्मी पानं पुसत बसली होती, तिच्या डब्यात चार नाणी असणारच. मागावं का, असं त्याच्या मनात आलंही. पण कास्मी विचारणार, कशाला हवं? मग सांगायचं काय? व्याह्याने नातवाच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, तरी मी नाणं घालून बघतोय? दुपारपर्यंत ते हार्तोयोच्या कानावर गेलं असतं. नवा दांडा बघावा म्हणून वाकायला गेला, तर दांड्याला सगळीकडून काळं ग्रीस थापलेलं. पाहुण्यांसाठी टोळीने सगळंच चकाचक केलं होतं. गुडघाही दुखत होता. त्याने वहीत लिहिलं: सातवा, ठीक. आणि खाली सही केली.

पाहुणे आले, रेघा बघून माना हलवल्या, फोटो काढून गेले. शनिवारी सकाळी दहा वाजता शहराकडून येणारी साधी गाडी सातवरून दोन नंबरच्या फलाटाकडे वळली. इंजिन गेलं, पहिला डबा गेला, दुसऱ्या डब्याचं चाक फटीत शिरलं. डबा फलाटाच्या कडेला घासत गेला आणि कलंडून थांबला. मेलं कोणी नाही. अकरा जण जखमी झाले, आणि फलाटाच्या टोकाला बसलेल्या म्बोक कास्मीचं कमरेचं हाड मोडलं. सारमिदी धावत पोचला तेव्हा ती चटणीत माखून पडली होती. त्याला बघून ती कण्हत म्हणाली, "रेघ तर होती रे. सकाळी मी बघितली होती. रेघ होती."

त्या दोन शब्दांनी त्याचं काळीज फाटलं. बाई इतकी वर्षं त्याच्या रेघेच्या भरवशावर त्या टोकाला बसत होती.

लोकांनी डबा सरळ करायची खटपट चालवली होती तेव्हा तो सातव्या सांध्यापाशी गेला आणि पहार लावून त्याने जीभ मोठ्या रुळाकडे दाबली. ती सरकली आणि तिच्याखालून एक रेघ बाहेर आली. जुनी, पिवळट, खाचेतली. त्याची रेघ. तिच्या शेजारी दोन नाण्यांच्या अंतरावर दुसरी रेघ होती, पांढरीशुभ्र. त्याने तिच्यावरून नख ओढलं. रंग सोलून आला. खाली खाच नव्हती. जिभेने रेघ खाल्ली होती, म्हणून कुणीतरी जिभेच्या नव्या जागेशी नवी रेघ ओढून दिली होती.

मग त्याला सेनोची नखं आठवली आणि तो रुळावरच बसला.

संध्याकाळी हार्तोयो केळ्यांचा घड घेऊन घरी आला. चप्पल दाराशी काढली, सुमीला नमस्कार केला, सगळं रीतीने. मग म्हणाला, "व्याही, पाहुणे गेले की सोमवारी दांडा बदलणारच होतो. चार दिवसांचा प्रश्न होता हो. नशीब आडवं आलं."

"नातवाच्या डोक्यावर हात ठेवलात तुम्ही."

हार्तोयोने मान खाली घातली. पण बोलायचं थांबला नाही. "वहीत सही तुमची आहे. तुम्हाला एकच वर्ष उरलंय. एक ताकीदपत्र मिळेल, बस्स. मी गेलो तर माझ्याबरोबर सेनो जातो. मग वेनिंगने काय करायचं? दामारने? तुम्ही समजूतदार आहात, तुम्ही नेहमीच समजूतदार होतात."

"रजा त्यासाठीच दिली होती?"

हार्तोयो उठला आणि दाराशी चप्पल चाचपायला लागला. सारमिदीला चौकशीची भीती नव्हती, पगाराची नव्हती. त्या रजेचं सगळ्यात जास्त लागलं. माया दाखवून केसाने गळा कापला होता माणसाने. तो गेल्यावर सुमी तो घड उचलून शेजारच्या बकऱ्यांना घालून आली.

सारमिदीला दोन दिवस सुचेना. ढाल गेली तेव्हा त्याने गिळलं होतं. आताही गिळता आलं असतं. सही तर खरोखर त्याचीच होती. पण पाहुण्यांसाठी रंग काही एकट्या सातवर दिला नव्हता. पाचही स्टेशनांवर चाळीस सांध्यांच्या रेघा एकाच आठवड्यात नव्या झाल्या होत्या. त्यातल्या किती खाचेवर होत्या आणि किती खाचेशेजारी, हे फक्त रंगवणाऱ्यांना माहीत होतं. आणि चाळीसही ठिकाणी माणसं उभ्यानेच पांढरं बघून पुढे जात होती, कारण सारमिदीनेच त्यांना तसं शिकवलं होतं.

चौकशीला जिल्ह्याच्या कचेरीतून तिघं आले. स्टेशनातल्या प्रतीक्षागृहात टेबल मांडलं. पहिल्यांदा हार्तोयो बोलला. छान बोलला, व्याह्याच्या नावाआधी आदराचं 'पाक' लावून. "पाक सारमिदी जुने, प्रामाणिक. पण वय झालंय, नजर कमी झालीये. मीच माणुसकीने रजा दिली होती. सांगताना मला वाईट वाटतं."

मग सेनोला बोलावलं. सारमिदीने त्याच्याकडे बघितलं. त्याला मनातून खात्री होती, अगदी वेड्यासारखी खात्री होती, की हे पोरगं खरं बोलेल. पाच वर्षं त्याच्या शेजारी बसून याने खाचा पाडल्या होत्या.

"रेघ तुम्ही रंगवली?"

"हो."

"तेव्हा जीभ सरकलेली होती?"

सेनो आपल्या बुटांकडे बघत म्हणाला, "बाबांची रेघ होती तिच्यावरूनच ब्रश फिरवला. जीभ जागेवर होती."

बाबा म्हणाला तो. सासऱ्याला बाबा म्हणत त्याच सासऱ्याला बुडवलं.

"पाक सारमिदी, सही तुमची आहे?" मधल्या अधिकाऱ्याने विचारलं.

"माझीच आहे."

"नाणं घालून बघितलं होतं?"

"नाही बघितलं. ती चूक माझी, ती माझ्या नावावर लिहा. व्याह्यांनी काम झालं म्हणून शब्द दिला होता. व्याह्याच्या शब्दात नाणं घालून बघायची लाज वाटली." तो उठला. "आता माझ्याबरोबर दोनशे पावलं चला. माझी नजर कमी झालीये, तुमची वापरा."

सातव्या सांध्यापाशी त्याने पहारीने जीभ दाबली, जुनी रेघ दाखवली, नवी दाखवली आणि त्या अधिकाऱ्यालाच म्हणाला, नख फिरवा. अधिकाऱ्याने दोन्हींवर नख फिरवलं. एकीत ते अडकलं, दुसरीवरून घसरलं. हार्तोयो पाच पावलं मागे उभा होता.

"उरलेले एकोणचाळीसही आजच बघा," सारमिदी म्हणाला. "मला काय करायचं ते उद्या करा."

बघितले. आणखी तीन सांध्यांवर रंगाखाली खाच नव्हती. त्यातला एक जलदगाडीच्या मुख्य रुळावरचा होता. ते तिन्ही त्याच दिवशी बंद केले, दांडे बदलले. सातचा नवा दांडाही दोन दिवसांत आला. इतके दिवस तो कुठे होता ते कुणी विचारलं नाही.

हार्तोयोला मुदतीआधी घरी बसवलं. सेनोची टोळीतून गोदामात बदली झाली. सारमिदीची सही सहीच होती, म्हणून त्याला रुळांवरून काढलं आणि शेवटच्या वर्षासाठी भाताच्या शेतातल्या फाटकावर बसवलं. आणि महिन्याभराने आदेश आला: नियमपुस्तकात नसलेल्या कोणत्याही खुणा रुळांवर ठेवू नयेत. चाळीसही खाचा यंत्राने घासून सपाट केल्या. ढाल मात्र कुणी परत मागितली नाही, ती अजून हार्तोयोच्या कपाटात आहे. म्बोक कास्मी काठी घेऊन चालते आणि आता फलाटाच्या मधोमध बसते.

ईदला रीतीप्रमाणे धाकटे थोरांपुढे गुडघे टेकून वर्षभराच्या चुकांची माफी मागतात, आणि थोरांनी ती द्यायचीच असते. नाही म्हणायची सोय त्यात ठेवलेलीच नाही. सेनो आला. नवा सदरा घातलेला, महिन्याभरात वाळलेला. सारमिदी वेताच्या खुर्चीत बसला होता. सेनोने गुडघे टेकले, कपाळ त्याच्या मांडीला लावलं आणि ठरलेले शब्द म्हटले. मग ठरलेल्या शब्दांच्या पुढेही काहीतरी म्हणायला गेला, पण त्याला ते जमलं नाही, तो नुसता रडला.

सारमिदीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तोच हात, याच डोक्यावर, पाच ईदा. उत्तराचे ठरलेले शब्द त्याने स्पष्ट म्हटले, एकही न गाळता. सुमीने डोळ्यांना पदर लावला. सेनो हलका होऊन उठला आणि बाहेर पोराला खेळवायला गेला. अंगणातून दामारचं हसू ऐकू यायला लागलं.

वेनिंग केळीच्या पानात वाफवलेला भात घेऊन आली आणि बापाच्या पायाशी बसली. खूप दिवसांनी तिचा चेहरा उजळला होता.

"बाबा, केलंत ना माफ त्याला? मनापासून?"

सारमिदीने पान सोडवलं. भाताचा एक तुकडा मोडला, तिच्या हातावर ठेवला आणि अंगणाकडे बघत म्हणाला, "रंग दिलाय, पोरी. खाच नाही पडली."